डिक्शनरीचे सिरियलायझेशन : किल्लीच्या समानतेचा दुर्लक्षित प्रश्न

गोषवारा

किल्ली–मूल्य स्वरूपाच्या जेनेरिक रचना, म्हणजे डॉट नेटमधील डिक्शनरी किंवा जावामधील हॅशमॅप, फाइलमध्ये साठवून परत वाचण्याच्या प्रचलित पद्धतींची समीक्षा प्रस्तुत लेखात केली आहे. अशा रचनेचे सार तिच्यातील जोड्यांइतकेच दोन किल्ल्या केव्हा समान मानायच्या या नियमात असते. प्रचलित पद्धती जोड्या नेतात आणि नियम बहुधा मागे ठेवतात, असे लेखाचे प्रतिपादन आहे. डॉट नेटच्या एक्सएमएल सिरियलायझरने डिक्शनरी स्वीकारण्यास दिलेला नकार आणि त्यावर रूढ झालेला वारसा-आधारित तोडगा यांचा विचार विशेषत्वाने केला आहे.

बीजशब्द : सिरियलायझेशन, डिक्शनरी, हॅशमॅप, जेनेरिक्स, तुलनाकार, युनिकोड

प्रस्तावना

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगच्या अध्यापनात सिरियलायझेशन हा भाग सामान्यतः फाइल हाताळणीच्या घटकाला जोडून येतो आणि घाईने संपतो. ऑब्जेक्टची अवस्था बाइट्सच्या ओळीत रूपांतरित करणे, ती फाइलमध्ये ठेवणे अथवा नेटवर्कवरून पाठविणे आणि पुढे तीवरून तोच ऑब्जेक्ट पुन्हा उभा करणे, अशी त्याची व्याख्या दिली जाते. उदाहरण म्हणून 'विद्यार्थी' नावाचा वर्ग घेतला जातो. त्यात हजेरी क्रमांक, नाव आणि गुण अशी तीन क्षेत्रे असतात. ही तीन क्षेत्रे लिहिली आणि वाचली की विषय संपतो. व्याख्येतील 'अवस्था' हा शब्द तपासून पाहण्याची वेळ या उदाहरणात येतच नाही.

ती वेळ येते डिक्शनरीच्या बाबतीत. ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत दाखल अंकावरून पुस्तक सापडते, त्याप्रमाणे डिक्शनरीत किल्लीवरून मूल्य सापडते. एका किल्लीस एकच मूल्य असते. जावामध्ये जेनेरिक्स २००४ साली पाचव्या आवृत्तीत आले, डॉट नेटमध्ये २००५ साली दुसऱ्या आवृत्तीत आले. तेव्हापासून किल्लीचा प्रकार आणि मूल्याचा प्रकार हे दोन्ही प्रोग्रॅमरने ठरवावयाचे असतात. कोणताही प्रकार चालेल, असे आश्वासन ही रचना देते. ते सिरियलायझेशनच्या दारात कितपत टिकते, हा येथे प्रश्न आहे.

मेमरीतील चित्र आणि रचनेचा अर्थ

हॅशवर आधारलेली रचना किल्लीवरून एक पूर्णांक काढते, त्या पूर्णांकावरून कप्पा ठरविते आणि त्या कप्प्यात जोडी ठेवते. शोध घेताना हीच क्रिया पुन्हा होते आणि कप्प्यात सापडलेली किल्ली मागितलेल्या किल्लीशी समान आहे काय, हे तपासले जाते. कप्प्यांची ही मांडणी म्हणजेच अवस्था, असे मानून ती जशीच्या तशी फाइलमध्ये लिहिली तर काय होईल? उत्तर जावाच्या मूळ ग्रंथालयातच आहे. हॅशमॅपमधील कप्प्यांचा तक्ता 'ट्रान्झिएंट' म्हणून घोषित केलेला आहे, म्हणजे तो लिहिलाच जात नाही. लिहिली जाते ती कप्प्यांची संख्या, जोड्यांची संख्या आणि मग एकामागून एक जोड्या. वाचताना प्रत्येक जोडी नव्याने कप्प्यात घातली जाते.

याचे कारण असे की हॅश आकडा टिकाऊ असेलच असे नाही. जावामध्ये स्ट्रिंगच्या हॅशचे सूत्र अधिकृतपणे ठरलेले आहे. तो सर्वत्र सारखाच येतो. परंतु स्वतःचे सूत्र न लिहिलेल्या वर्गाचा हॅश प्रोग्रॅमच्या प्रत्येक धावेत बदलू शकतो, आणि एनम या नेहमीच्या किल्लीचीही तीच स्थिती आहे. पुढे सुरक्षेच्या कारणाने ही अस्थिरता मुद्दाम वाढविण्यात आली. स्कॉट क्रॉस्बी आणि डॅन वॉलक यांनी २००३ साली दाखवून दिले की एकाच कप्प्यात पडतील अशा किल्ल्या निवडून पाठविल्यास सर्व्हर जेरीस आणता येतो. २०११ साली अलेक्झांडर क्लिंक आणि युलियान वेल्डे यांनी वेबवरील अनेक भाषांवर तोच प्रयोग केला. परिणामी पायथनने २०१२ सालच्या ३.३ आवृत्तीपासून स्ट्रिंगचा हॅश प्रत्येक धावेत यादृच्छिक केला. डॉट नेट कोअरमध्येही तो प्रक्रियेगणिक वेगळा असतो. आज सकाळी काढलेला हॅश आकडा दुपारी निरर्थक ठरतो.

म्हणजे डिक्शनरीच्या बाबतीत 'अवस्था लिहा' ही आज्ञा शब्दशः पाळणे चूक आहे, हे जावाच्या रचनाकारांनी ओळखले होते. लिहावयाचे ते मेमरीतील चित्र नव्हे, रचनेचा अर्थ. ज्या उदाहरणातून हे शिकविता आले असते ते सोडून अध्यापन तीन क्षेत्रांच्या वर्गापाशी थांबते, ही खेदाची बाब आहे.

तथापि 'रचनेचा अर्थ' म्हणजे केवळ जोड्यांची यादी, असे समजण्यात दुसरी चूक होते, आणि बहुसंख्य साधने ती करतात.

एक नकार आणि त्यावरील तोडगा

डॉट नेटमधील एक्सएमएल सिरियलायझर २००२ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. आय-डिक्शनरी हा इंटरफेस अंगीकारणारा कोणताही वर्ग त्याच्याकडे दिला की तो अपवाद फेकतो. कंपाइलर मात्र काहीच बोलत नाही. नकार मिळतो तो प्रोग्रॅम चालू झाल्यावर, सिरियलायझरचा ऑब्जेक्ट निर्माण करतानाच. मायक्रोसॉफ्टने या नकाराची जी कारणमीमांसा प्रसिद्ध केली होती तीत दोन गोष्टी होत्या : वेळापत्रकाची अडचण, आणि एक्सएसडी या एक्सएमएलच्या प्रकारव्यवस्थेत हॅशटेबलला समतुल्य प्रकार नसणे.

पहिले कारण प्रांजळ आहे. दुसरे अर्धेच खरे आहे. एक्सएसडीमध्ये डिक्शनरी नावाचा प्रकार नाही, हे निर्विवाद. परंतु २००१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात अद्वितीयतेचे निर्बंध आहेत. अमुक घटकातील अमुक मूल्य पुनरुक्त होता कामा नये, असे त्यात लिहिता येते. अडचण अशी की हा निर्बंध घटकाच्या घोषणेला लागतो, प्रकाराला लागत नाही. त्यामुळे 'अद्वितीय किल्ल्यांची यादी' हा प्रकार एकदा घोषित करून सर्वत्र वापरणे शक्य होत नाही. शिवाय त्या निर्बंधाला ठाऊक असलेली समानता एक्सएसडीची स्वतःची असते : पूर्णांक प्रकारात ०१ आणि १ समान, पण स्ट्रिंग प्रकारात अक्षर न् अक्षर तेच हवे. प्रोग्रॅमरने स्वतःच्या वर्गासाठी लिहिलेला समानतेचा नियम तेथे पोहोचत नाही. एक्सएमएल सिरियलायझर पदोपदी एक्सएसडीशी बांधलेला असल्याने, जे स्कीमात सांगता येत नाही ते लिहिणार नाही ही त्याची भूमिका निदान सुसंगत म्हणावी लागते. गैरसोयीची, पण सुसंगत.

या गैरसोयीवर प्रोग्रॅमर मंडळींत एक तोडगा रूढ झाला आणि तो प्रकल्प अहवालांतून आजही उतरविला जातो. जेनेरिक डिक्शनरीपासून वारसा घेणारा नवा वर्ग करावयाचा, त्यास आय-एक्सएमएल-सिरियलायझेबल हा इंटरफेस जोडावयाचा, आणि लेखन व वाचन या दोन पद्धती हाताने लिहावयाच्या. हा इंटरफेस दिसला की सिरियलायझर आपली डिक्शनरीबाबतची हरकत मागे घेतो, कारण आता लेखनाची जबाबदारी वर्गाने स्वतःकडे घेतलेली असते. आत किल्लीच्या प्रकारासाठी एक आणि मूल्याच्या प्रकारासाठी एक असे दोन सिरियलायझर निर्माण करून प्रत्येक जोडी त्यांच्याकरवी लिहिली जाते.

तोडगा चालतो. तपशिलातील चुका, उदाहरणार्थ रिकामी डिक्शनरी वाचताना रिकाम्या घटकाची तपासणी विसरणे आणि पुढील सर्व मजकूर गिळून टाकणे, या अनुभवाने दुरुस्त होतात. आक्षेप त्याच्या रचनेवर आहे. पहिला असा की साठवणुकीची सोय म्हणून वारसा वापरला जातो आणि प्रोग्रॅमभर 'सिरियलाइज होणारी डिक्शनरी' हा वेगळाच प्रकार पसरतो. गुणपत्रक तयार करणाऱ्या भागाला त्याची डिक्शनरी पुढे फाइलमध्ये जाणार आहे की नाही, हे कळण्याचे काही कारण नसते. दुसरा आक्षेप 'कोणताही प्रकार चालेल' या आश्वासनावर आहे. किल्ली आणि मूल्य यांच्यावर वर्ग कोणताही निर्बंध घालीत नाही. प्रत्यक्षात मात्र ते प्रकार सार्वजनिक असावे लागतात, त्यांना निरार्ग्युमेंट कन्स्ट्रक्टर असावा लागतो, आणि मूल्य घोषित प्रकाराच्या उपवर्गाचे निघाल्यास, तो उपवर्ग आधी कळविलेला नसेल तर, लेखन कोसळते. सी-शार्पच्या जेनेरिक निर्बंधांत 'सिरियलाइज होण्याजोगा' हा निर्बंध लिहिताच येत नाही. जावामध्ये सिरियलायझेबल हा इंटरफेस असल्याने तो लिहिता येतो. पण हॅशमॅपने तो लिहिलेला नाही, आणि अपात्र किल्ली तेथेही प्रोग्रॅम चालू असतानाच उघडी पडते.

येथे एक लहानशी पण बोलकी गोष्ट नोंदविली पाहिजे. डिक्शनरी चालत नाही म्हणून कोणी की-व्हॅल्यू-पेअर या तयार प्रकाराची यादी एक्सएमएल सिरियलायझरकडे दिली, तर तो कोणतीही तक्रार न करता ती लिहितो. फाइल उघडून पाहावी तर प्रत्येक जोडीच्या जागी रिकामा घटक असतो. किल्लीही नाही आणि मूल्यही नाही. त्या प्रकाराचे दोन्ही गुणधर्म केवळ वाचता येण्याजोगे असतात आणि सिरियलायझर केवळ वाचता व लिहिता येणारे गुणधर्मच विचारात घेतो. डिक्शनरीला मोठ्याने नाही म्हणणारे साधन तिच्या जोड्या निमूटपणे टाकून देते. या दोहोंत पहिले वर्तन कितीतरी बरे.

२००६ साली डॉट नेट ३.० बरोबर डेटा-कॉन्ट्रॅक्ट सिरियलायझर आला आणि त्याने डिक्शनरी स्वीकारली. प्रत्येक जोडीसाठी एक घटक, त्यात 'की' आणि 'व्हॅल्यू' असे दोन उपघटक, असे त्याचे स्वरूप आहे. घटकांची नावे गरजेनुसार बदलता येतात. स्कीमा निर्यात करताना 'ही डिक्शनरी आहे' ही माहिती टिप्पणीच्या स्वरूपात जाते, म्हणजे दुसऱ्या टोकाचे साधन ती दुर्लक्षू शकते. तोडग्यातील वर्गापेक्षा ही व्यवस्था निश्चितच स्वच्छ आहे. परंतु पुढील परिच्छेदांत ज्याचा विचार केला आहे तो दोष हिच्यातही तसाच राहिला.

'कऱ्हाड' ही किल्ली

डॉट नेटमधील डिक्शनरी निर्माण करताना तिला एक तुलनाकार देता येतो. दोन किल्ल्या समान केव्हा आणि त्यांचा हॅश कोणता, हे तोच ठरवितो. काहीच न दिल्यास स्ट्रिंगची तुलना सांकेतांकानुसार, तंतोतंत होते. भाषेचे संकेत जाणणारा तुलनाकारही देता येतो.

मराठीच्या दृष्टीने हा भेद कागदोपत्री राहत नाही. 'कऱ्हाड' या नावातील ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : ०९३१ या एकाच सांकेतांकाने, अथवा ०९३० म्हणजे र आणि त्यापुढे ०९३सी म्हणजे नुक्ता अशा दोन सांकेतांकांनी. युनिकोडनुसार हे दोन्ही लेखन प्रमाणतः समतुल्य आहे. पडद्यावर ते सारखे दिसते, छापल्यावर सारखे दिसते. कोणता कीबोर्ड वापरला यावर आत काय साठले ते अवलंबून असते. र, हलन्त आणि शून्य-रुंदी जोडक यांनी हीच खूण उमटविण्याची तिसरी रीतही प्रचारात आहे. ती पहिल्या दोहोंशी समतुल्य नाही, म्हणून प्रमाणीकरणानेही एक होत नाही. ती तूर्त बाजूस ठेवू.

समजा, एखाद्या विद्यार्थी-प्रवेश प्रोग्रॅममध्ये तालुक्याचे नाव ही किल्ली आणि विद्यार्थ्यांची संख्या हे मूल्य आहे. प्रोग्रॅमरने विचारपूर्वक भाषिक तुलनाकार दिला आहे. दोन लिपिक दोन यंत्रांवर दोन रीतींनी 'कऱ्हाड' टंकतात आणि डिक्शनरी दोन्ही एकाच नोंदीत मोजते. सारे यथास्थित चालते. मग वर्षअखेरीस ही डिक्शनरी एक्सएमएलमध्ये साठविली जाते. फाइलमध्ये जोड्या आहेत. तुलनाकाराचा कोठेही उल्लेख नाही. वाचताना नवी डिक्शनरी निरार्ग्युमेंट कन्स्ट्रक्टरने निर्माण होते, म्हणजे तंतोतंत तुलनेची. एकाही जोडीत बदल झालेला नाही. तरीही दुसऱ्या रीतीने टंकलेल्या 'कऱ्हाड'चा शोध आता निष्फळ ठरतो, आणि संख्या वाढविणारी ओळ दुसरी नोंद निर्माण करते. तालुका दुभंगतो. अहवालात एकाखाली एक दोन 'कऱ्हाड' दिसतात आणि ते का दिसतात हे डोळ्यांना सांगता येत नाही.

उलट दिशेनेही हे घडते. तंतोतंत तुलनेच्या डिक्शनरीत दोन वेगळ्या किल्ल्या म्हणून नांदलेल्या नोंदी भाषिक तुलनेच्या डिक्शनरीत वाचावयास घेतल्या तर दुसरी जोडी घालताना 'किल्ली आधीच आहे' असा अपवाद येतो आणि सगळीच फाइल अवाच्य ठरते. हे त्यातल्या त्यात बरे, कारण चूक निदान दिसते.

यावर असे म्हणता येईल की बायनरी पद्धतीत तुलनाकारही लिहिला जात असे. ते खरे आहे. डॉट नेटची डिक्शनरी आपल्या बायनरी लेखनात जोड्यांसोबत तुलनाकाराचा ऑब्जेक्टही नोंदवीत असे. जावाचा ट्रीमॅप किल्ल्या क्रमाने ठेवतो आणि तोही आपला कंपॅरेटर सोबत लिहितो. परंतु मराठी वर्णक्रमासाठी जावाचा कोलेटर हा वर्ग कंपॅरेटर म्हणून दिला, तर ट्रीमॅपचे लेखन अपवाद देऊन थांबते. कारण कोलेटर सिरियलायझेबल नाही. ज्यांच्या भाषेला सांकेतांकांचा साधा क्रम पुरतो त्यांना ही अडचण क्वचितच भेटत असेल.

तुलनाकाराचे नाव लिहिणेही पुरेसे नाही, हा आणखी सूक्ष्म मुद्दा आहे. विंडोजवर डॉट नेट भाषिक तुलनेसाठी मूळ विंडोजची एनएलएस व्यवस्था वापरीत असे. २०२० सालच्या डॉट नेट ५ पासून विंडोजच्या नव्या आवृत्त्यांवर ती आयसीयू हे ग्रंथालय वापरू लागली. काही स्ट्रिंगांच्या बाबतीत या दोहोंची उत्तरे वेगळी येतात. म्हणजे फाइलमध्ये 'चालू संस्कृतीचा तुलनाकार' असे नोंदलेले असले, तरी त्या शब्दांचा अर्थ वाचणाऱ्या यंत्रावर, त्याच्या भाषिक मांडणीवर आणि प्रणालीच्या आवृत्तीवर अवलंबून राहतो. समानतेचा नियम प्रोग्रॅमच्या बाहेर, त्याच्या पर्यावरणात राहतो. डेटामध्ये त्याचे फार तर नाव येते.

जेसॉन : पुसलेले प्रकार

एक्सएमएलची जागा पुढे बऱ्याच अंशी जेसॉनने घेतली आणि प्रश्न सुटल्यासारखा वाटू लागला, कारण जेसॉनमधील ऑब्जेक्ट मुळात किल्ली–मूल्य स्वरूपाचाच आहे. मात्र त्याची किल्ली केवळ स्ट्रिंग असू शकते. आरएफसी ८२५९ या मानकात नावे अद्वितीय 'असावीत' असे म्हटले आहे. असलीच पाहिजेत, असे म्हटलेले नाही.

पूर्णांक किल्ली असलेली डिक्शनरी लिहिली की १ चा "१" होतो. वाचणाऱ्यास मूळ प्रकार ठाऊक असल्यास तो परत आणता येतो. जावामध्ये तो ठाऊक असणेच कठीण, कारण तेथे जेनेरिक प्रकार कंपाइल झाल्यावर ऑब्जेक्टवर उरत नाहीत. जीसॉन या गूगलच्या ग्रंथालयाला केवळ 'मॅप हवा' असे सांगितले तर ते स्ट्रिंग किल्ल्यांचा आणि डबल मूल्यांचा मॅप देते. तो पूर्णांक–पूर्णांक मॅप असल्याचे घोषित करून घेतला, तर कंपाइलर फार तर इशारा देतो. नंतर १ ही किल्ली मागितली की 'नल' येते, आणि किल्ल्या एकेक करून पाहू गेल्यास प्रकारभेदाचा अपवाद येतो. तोही वाचनाच्या ओळीवर नव्हे, कोठेतरी दूर. यासाठी जीसॉनमध्ये टाइप-टोकन ही युक्ती आहे : एक निनावी उपवर्ग करून त्याच्या घोषणेत प्रकार टिकवून ठेवावयाचा. युक्ती चतुर आहे, यात शंका नाही. पण भाषेने पुसलेले परत मिळविण्यासाठी केलेली ती कसरत आहे.

किल्ली हा स्वतःचा वर्ग असेल, उदाहरणार्थ शाखा आणि वर्ष मिळून एक किल्ली, तर परिस्थिती अधिक वाईट होते. जीसॉन मूळ मांडणीत किल्लीची टू-स्ट्रिंग पद्धत हाकारते. ती वर्गाने लिहिलेली नसेल तर वर्गाचे नाव आणि त्या क्षणाचा हॅश आकडा किल्ली म्हणून फाइलमध्ये उमटतो. जो आकडा टिकाऊ नाही म्हणून जावाच्या हॅशमॅपने कटाक्षाने लिहिला नाही, तोच येथे किल्लीच्या वेशात परत येतो. डॉट नेटवरील न्यूटनसॉफ्टच्या ग्रंथालयात अशा वेळी केवळ वर्गाचे नाव येते. सर्व जोड्यांची किल्ली एकच होते आणि मानक 'असावीत' एवढेच म्हणत असल्याने फाइल निर्वेधपणे तयार होते. याउलट मायक्रोसॉफ्टचे सिस्टिम-टेक्स्ट-जेसॉन २०१९ साली आले तेव्हा केवळ स्ट्रिंग किल्ल्याच घेत असे. २०२० पासून ते पूर्णांक, एनम, तारीख अशा मूलभूत किल्ल्याही घेते. स्वतःच्या वर्गाची किल्ली मात्र त्यासाठी खास कन्व्हर्टर लिहून दिल्याशिवाय स्पष्टपणे नाकारते. २००२ सालचा नकार येथे नव्या रूपात परत आला आहे, आणि यावेळी त्याच्यासोबत पुढचा रस्ताही दाखविलेला आहे.

वाचन ही क्रिया निरुपद्रवी नाही

जोड्या नव्याने कप्प्यात घालावयाच्या म्हणजे वाचताना प्रत्येक किल्लीचा हॅश काढणे आले, आणि हॅश काढणे म्हणजे किल्लीच्या वर्गातील कोड चालविणे आले. याचे दोन परिणाम होतात.

पहिला असा की त्या क्षणी किल्ली पूर्ण तयार असेलच असे नाही. किल्ली ज्या ऑब्जेक्टकडे निर्देश करते तोच पुन्हा त्या मॅपकडे निर्देश करीत असेल, तर अर्धवट भरलेल्या क्षेत्रांवरून हॅश निघतो आणि जोडी चुकीच्या कप्प्यात जाते. जोशुआ ब्लॉक आणि नील गाफ्टर यांच्या 'जावा पझलर्स' या २००५ सालच्या पुस्तकात या जातीचे एक कोडे आहे. डॉट नेटच्या डिक्शनरीने यावर उपाय म्हणून भरण्याचे काम सर्व ऑब्जेक्ट वाचून होईपर्यंत लांबणीवर टाकले. त्यामुळे धारक वर्गाने आपल्या 'वाचन झाले' या पद्धतीत डिक्शनरी पाहिली तर ती रिकामी सापडते. एक दोष टाळण्यासाठी दुसरा स्वीकारलेला आहे आणि प्रोग्रॅमरला त्याची कल्पना पहिल्यांदा फसल्यावरच येते.

दुसरा परिणाम गंभीर आहे. जावाच्या यूआरएल या वर्गाचा हॅश काढताना यजमानाच्या नावाचा पत्ता शोधला जातो, म्हणजे नेटवर्कवर विचारणा होते. यूआरएल किल्ली असलेला हॅशमॅप कोणी बाहेरून पाठविला, तर तो केवळ वाचल्याने सर्व्हर पाठविणाऱ्याने निवडलेल्या नावाची चौकशी करू लागतो. स्वतःहून ही चौकशी फार हानिकारक नाही. पण वाचन म्हणजेच कोडचे चालणे आहे, याचा ती पुरावा ठरते आणि दोष शोधणारी मंडळी तिचा तसा उपयोग करतात. २०१५ साली क्रिस फ्रोहॉफ आणि गॅब्रिएल लॉरेन्स यांनी अपाची कॉमन्स कलेक्शन्स या लोकप्रिय ग्रंथालयातील वर्गांची अशी साखळी दाखविली की तीत वाचनातूनच सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालविता येत असे. मागितल्यावर मूल्य निर्माण करणारा एक 'आळशी' मॅप त्या साखळीतील महत्त्वाचा दुवा होता. जावाच्या मुख्य रचनाकारांपैकी मार्क रेनहोल्ड यांनी २०१८ साली सिरियलायझेशनची १९९७ सालची भर ही घोडचूक असल्याचे जाहीरपणे मान्य केले. डॉट नेटने बायनरी-फॉरमॅटर प्रथम कालबाह्य ठरविला आणि २०२४ सालच्या नवव्या आवृत्तीत त्याची अंमलबजावणी काढून टाकली. त्यास हाक मारल्यास आता केवळ अपवाद मिळतो. डिक्शनरीचा तुलनाकार सोबत नेणारी डॉट नेटमधील तयार वाट याबरोबर बंद झाली. तिला पर्याय म्हणून तुलनाकार लिहिण्याची कोणतीही रूढ पद्धत त्यानंतर आलेली नाही.

अध्यापनातील स्थान

या साऱ्यातून नव्या साधनाची मागणी निघत नाही. जेथे डिक्शनरी फाइलमध्ये जावयाची आहे तेथे साठवणुकीसाठी स्वतंत्र, साधा वर्ग असावा : किल्ली आणि मूल्य ही दोन लिहिता येणारी क्षेत्रे, त्यांची यादी, आणि यादीच्या डोक्यावर तुलनेच्या नियमाचे प्रोग्रॅमरने स्वतः ठरविलेले नाव व आवृत्ती. वाचणाऱ्या कोडने ते नाव पाहून तुलनाकार निवडावा; नाव अनोळखी असल्यास फाइल नाकारावी. मराठी किल्ल्यांच्या बाबतीत फाइलमध्ये जाण्यापूर्वी युनिकोडचे प्रमाणीकरण करावे, आणि शून्य-रुंदी जोडकाच्या तिसऱ्या रीतीसाठी वेगळा नियम लिहावा. हे सर्व मिळून साठ-सत्तर ओळींचे काम आहे. वारसा-आधारित वर्ग याहून लहान नसतो.

प्रात्यक्षिकाच्या वहीत 'विद्यार्थी' वर्गाच्या शेजारी एक प्रयोग सहज बसेल. विद्यार्थ्यांनी 'कऱ्हाड' दोन रीतींनी टंकून एकाच डिक्शनरीत भाषिक तुलनाकारासह मोजावे, जोड्यांची संख्या लिहून घ्यावी, डिक्शनरी साठवावी, प्रोग्रॅम बंद करावा, परत वाचावी, आणि दोन्ही रीतींनी शोध घ्यावा. निरीक्षणाच्या रकान्यात फाइलमधील मजकूर आणि शोधाचे उत्तर शेजारी शेजारी लिहावयाचे. त्याखाली तुलनाकार कोणत्या ओळीत हरवला, ती ओळ.